बेवारस जिओकॅशचं काय करायचं? पहिल्या नोंदीपासून डबा उचलेपर्यंत

फेब्रुवारीतली ओली सकाळ होती. ऑरेगॉनमधल्या बीव्हर्टनजवळच्या एका जंगलवाटेवर डग्लस फरच्या पडलेल्या खोडाखाली हात घालून मी जिओकॅशचा डबा, म्हणजे जीपीएसवर शोधायच्या खेळात कोणीतरी लपवलेला डबा, बाहेर काढला, आणि झाकण उघडण्याआधीच आत पाणी खळखळलं. चार क्लिपांपैकी दोन तुटलेल्या. वहीचा लगदा झालेला, त्यात पेन्सिल रुतलेली, सोबतच्या प्लास्टिकच्या डायनोसॉरवर काळी बुरशी. फोनवर खेळाच्या साइटवरचं त्या डब्याचं पान उघडलं. मालकाची, म्हणजे डबा लपवणाऱ्याची, शेवटची नोंद सात वर्षांपूर्वीची होती. त्यानंतर एकामागून एक लोकांनी ‘वही भिजली आहे’ असं लिहून ‘सापडला’ म्हणून नोंदवलं होतं आणि पुढे निघून गेले होते. मालकाला कळवण्याची जी सोय आहे, ती एकानेही वापरली नव्हती.

पश्चिम ऑरेगॉनमध्ये ऑक्टोबरपासून मेपर्यंत पाऊस थांबत नाही, त्यामुळे असे डबे इथे वारंवार हाती लागतात. आपले बरेच मराठी लोक इथे आल्यावर मुलांना घेऊन हा खेळ सुरू करतात, आणि पहिल्या महिन्यातच हा प्रश्न पडतो: मालक गायब आहे, डबा कुजलाय, आता करायचं काय? काही जण सद्भावनेने नवा डबा ठेवून देतात. काही जण वैतागून जुना कचऱ्यात टाकतात. दोन्ही चूक आहे. का, आणि त्याऐवजी काय करावं, तेच इथे सांगते.

खेळ ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. कोणीतरी एक डबा लपवतं, त्याचे अक्षांश-रेखांश जिओकॅशिंग डॉट कॉमवर टाकतं, आणि बाकीचे जीपीएस घेऊन तो शोधतात, आतल्या वहीत नाव लिहितात आणि डबा होता तसा परत ठेवतात. १ मे २००० रोजी अमेरिकी सरकारने नागरी जीपीएसमध्ये मुद्दाम घातलेली चूक काढून टाकली, आणि दोनच दिवसांनी, ३ मेला, डेव्ह अल्मर यांनी इथेच ऑरेगॉनमध्ये, बीव्हरक्रीकजवळ, पहिली बादली लपवली. आज जगभरात ३० लाखांहून जास्त डबे आहेत. ती पहिली बादली मात्र आता नाही. त्या जागी २००३पासून एक फलक आहे आणि लोक तो पाहायला येतात. पहिला डबासुद्धा कायमचा टिकला नाही, ही गोष्ट मला या सगळ्या विषयात फार महत्त्वाची वाटते.

निघण्याआधी पान नीट वाचा

बरेच दिवस कुणाला सापडला नाही म्हणून डबा दुर्लक्षित ठरत नाही. कॅस्केड पर्वतात उंचावर जे डबे आहेत, तिथे जुलैपर्यंत बर्फ असतो आणि वाट दिवसभराची. तिथे दोन-तीन वर्षांत एकही माणूस फिरकला नाही, तरी डबा ठणठणीत असू शकतो. उलट शहरातल्या दिव्याच्या खांबाखालची डबी महिनाभर कुणाला सापडली नाही, तर शंका घ्यायला जागा आहे.

म्हणून आधी शोधण्याचा अवघडपणा आणि वाटेचा खडतरपणा यांचे पानावरचे आकडे पाहा. दोन्ही १ ते ५ या मापात दिलेले असतात. अवघडपणा ४ असलेला डबा पाच जणांना सापडला नाही, यात नवल काही नाही. अवघडपणा १.५ असताना सलग चार जण रिकाम्या हाताने परतले असतील, आणि त्या चारांत हजारो डबे शोधलेले लोक असतील, तर तो बहुधा गेलेला आहे. शोधणाऱ्याच्या नावाशेजारी त्याने आजवर किती शोधले तो आकडा दिसतो. तो बघायची सवय लावून घ्या.

मग मालकाकडे वळा. त्याच्या प्रोफाइलवर शेवटच्या भेटीची तारीख असते, पण एवढ्यावरून निकाल देऊ नका. त्याचे बाकीचे डबे उघडून पाहा. एकाची दुरुस्ती गेल्या उन्हाळ्यात झाली असेल, तर माणूस हजर आहे, फक्त इथवर पोहोचलेला नाही. सगळ्यांवर दुरुस्तीची खूण साचली असेल आणि दोन-तीन रिव्ह्यूअरने (साइटसाठी डबे तपासणाऱ्या स्वयंसेवकाने) आधीच बंद केले असतील, तर चित्र स्पष्ट आहे.

जागेवर गेल्यावर

माझ्या पिशवीत कोरड्या कागदाच्या पट्ट्या, झिपलॉक पिशव्या, जुनं सुती फडकं, चिमटा, पेन्सिल, हातमोजे आणि कचऱ्याची एक पिशवी असते. हातमोजे पॉयझन ओकसाठी. ज्याला एकदा त्या पानांनी पुरळ उठलं, तो ते परत विसरत नाही.

डबा सापडला आणि तो भिजलेला असेल, तर आपण किती करावं याची मर्यादा आहे. पाणी ओतून टाका, फडक्याने आतून पुसा, वही भरली असेल किंवा लगदा झाली असेल तर झिपलॉकमध्ये कोरडी पट्टी घालून ठेवा. जुन्या वहीची पानं वाचता येण्यासारखी असतील तर ती तिथेच राहू द्या. ती मालकाची आहे, आणि कधीकधी त्याच्यासाठी डब्याहून मोलाची असते. खाण्याच्या वस्तू असतील तर काढा. अस्वलं आणि रॅकून वासावर येतात. ट्रॅव्हल बग किंवा जिओकॉइन (क्रमांक असलेली, डब्यातून डब्यात फिरणारी वस्तू) आत असेल तर तो काढून घ्या, त्याचा क्रमांक नोंदवा आणि पुढच्या कोरड्या, सांभाळलेल्या डब्यात सोडा. त्या वस्तूचा मालक दुसराच कोणी असतो आणि ती पुढे जात राहावी एवढीच त्याची इच्छा असते.

एवढं केल्यावर डबा होता तिथेच ठेवा, ‘यापेक्षा ही जागा चांगली’ असं वाटलं तरी.

एक सावधगिरी मात्र सांगते. कागदाची पट्टी घालणं हा शेजारधर्म आहे. पण मालक सात वर्षं फिरकला नसेल आणि दर हिवाळ्यात कोणीतरी पट्टी बदलत असेल, तर त्या मदतीने डबा बरा होत नाही, तो आजारी आहे हे फक्त लपतं. पट्टी घाला, पण सोबत कळवा. दोन्ही एकाच दिवशी.

डबा सापडलाच नाही तर

इथेच सगळ्यात जास्त घोळ होतात. लांबून आलो, जागा तर हीच, म्हणून खिशातली फिल्मची डबी काढायची, त्यात कागद घालायचा, खोडाखाली ठेवायची आणि ‘जुना गेला होता, नवा ठेवला’ असं लिहून ‘सापडला’ नोंदवायचं. या प्रकाराला थ्रोडाउन म्हणतात. जिओकॅशिंगच्या मुख्यालयाने असं करू नका असं स्पष्ट सांगितलेलं आहे, आणि त्यामागे खरी कारणं आहेत.

एका जागी मला एकाच कॅशच्या दोन डब्या मिळाल्या आहेत. बुंध्याच्या ढोलीत आत, शेवाळाखाली मूळ डबा शाबूत होता. दीड फुटावर दगडाखाली कोणीतरी टाकलेली डबी होती, आणि गेली दोन वर्षं सगळे तिच्यातच सह्या करत होते. मूळ डब्याची वही कोरीच्या कोरी. टाकून दिलेल्या डबीला मालक नसतो. ती फुटली तर कोणी बदलणार नाही, तिथली जमीन कोणाची, परवानगी कशी होती, हे ठेवणाऱ्याला ठाऊक नसतं. त्याहून मोठी गोष्ट म्हणजे थ्रोडाउनमुळे पानावर ‘सापडला’ अशा नोंदी येत राहतात आणि मालक नसलेला डबा कागदोपत्री जिवंत राहतो.

याला अपवाद एकच. मालकाने स्वतः लिहून सांगितलं असेल, की ‘नसेल तर नवा ठेवा’, तर ठेवा, आणि नोंदीत त्याचा उल्लेख करा.

खरी नोंद

सापडला नाही, तर ‘डीएनएफ’ (डिड नॉट फाइंड, म्हणजे ‘सापडला नाही’) नोंदवा. कित्येक लोक हे टाळतात, त्यात हरल्यासारखं वाटतं म्हणून. पण डीएनएफ ही मालकाला आणि पुढच्या माणसाला दिलेली माहिती आहे. साइट या नोंदी मोजतेही. प्रत्येक डब्याचा एक हेल्थ स्कोअर असतो आणि त्यात डीएनएफ, शेवटी कधी सापडला, अवघडपणा आणि दुरुस्तीच्या मागण्या या सगळ्याचा हिशोब होतो. तो फार खाली गेला की मालकाला आपोआप पत्र जातं. आपण गप्प राहिलो, तर ही यंत्रणाच आंधळी होते.

नोंद कशी असावी? ‘मिळाला नाही’ एवढं पुरेसं नाही. माझी अशी असते: ‘२५ मिनिटं शोधलं. हिंटमध्ये सांगितलेलं खोड सापडलं, पण ते आडवं पडून कुजलंय आणि खालची पोकळी बुजली आहे. आसपास १० मीटरमध्ये पाहिलं. डब्याचं तुटलेलं निळं झाकण मिळालं.’ जागेचं गुपित उघड होईल असा फोटो टाकू नका. झाकणाचा फोटो चालेल.

‘डबा नक्की गेला’ असं लिहू नका. मी एकदा ठामपणे तसं लिहिलं होतं आणि पुढच्याच आठवड्यात तो एका दहा वर्षांच्या मुलीला मिळाला. तेव्हापासून मी जे पाहिलं तेवढंच लिहिते.

मालकाला हाक

आता कळवण्याची पहिली औपचारिक पायरी. नोंद करताना ‘ओनर अटेन्शन रिक्वेस्टेड’ असा पर्याय मिळतो. जुने खेळाडू याला अजून ‘नीड्स मेंटेनन्स’ म्हणतात, कारण आधी त्याचं नाव तेच होतं. तो निवडला की मालकाला पत्र जातं आणि पानावर स्पॅनरची खूण येते. मालकाने दुरुस्तीची नोंद केली की ती जाते.

सोबत मालकाला मेसेजही पाठवा. सूर आपुलकीचा ठेवा, कारण त्या पलीकडे कोण कुठल्या परिस्थितीत आहे हे आपल्याला माहीत नसतं. साधारण असं लिहा: ‘तुमचा अमुक डबा रविवारी पाहिला. जागा फार सुंदर निवडली आहे. क्लिपा तुटून आत पाणी गेलंय. मी तात्पुरती कोरडी पट्टी ठेवली आहे. तुम्हाला जमत नसेल तर मी दहा मिनिटांवर राहते, तो सांभाळायला आनंदाने घेईन.’ शेवटचं वाक्य तेव्हाच लिहा, जेव्हा तुम्ही खरंच घेणार असाल.

मग थांबा. निदान चार आठवडे. लोक आजारी असतात, प्रवासात असतात, घरात लहान बाळ असतं.

रिव्ह्यूअरकडे कधी जायचं

महिना गेला, उत्तर नाही, दुरुस्ती नाही. तर ‘रिव्ह्यूअर अटेन्शन रिक्वेस्टेड’ ही नोंद करा. हिचं आधीचं नाव ‘नीड्स आर्काइव्ह्ड’ होतं, आणि त्या नावामुळे लोक ती करायला बिचकायचे, जणू कोणाचा तरी डबा मारायला निघालोय. तसं काही नाही. रिव्ह्यूअर म्हणजे त्या भागाचे स्वयंसेवक. ते पगारी नाहीत आणि प्रत्येक डबा जाऊन बघू शकत नाहीत. त्यांना डोळे आपण द्यायचे असतात. नोंदीत आरोप नको, तारखा हव्यात: अमुक दिवशी मालकाला कळवलं, अमुक दिवशी पुन्हा गेले, स्थिति तीच. बहुतेक वेळा रिव्ह्यूअर डबा तात्पुरता बंद करतो, मालकाला साधारण महिनाभराची मुदत देतो आणि काहीच झालं नाही तर पान आर्काइव्ह, म्हणजे कायमचं बंद, करतो. देखभाल नाही म्हणून आर्काइव्ह झालेलं पान पुन्हा उघडत नाहीत, म्हणून ही मुदत खरी असते आणि मालकांना ती देणं न्याय्यच आहे.

काही बाबतींत मात्र महिना थांबायचं नाही. जमीनमालकाने आक्षेप घेतला, डबा कुणाच्या खासगी कुंपणाआड निघाला, जमीन खणून पुरलेला आढळला, नॅशनल पार्कच्या हद्दीत परवानगीशिवाय ठेवलेला दिसला, किंवा पुलाखाली, शाळेजवळ, सरकारी इमारतीजवळ संशय येईल असा असला, तर त्याच दिवशी कळवा. २०११मध्ये इंग्लंडमधल्या वेदरबी गावात एका जिओकॅशच्या डबीवरून रस्ता रिकामा करून बॉम्बशोधक पथक बोलवावं लागलं होतं.

जुने, मानाचे डबे

इथे माझं मन स्वतःशीच भांडतं. मे २०००पासून प्रत्येक महिन्यात लपवलेला किमान एक डबा शोधायचा, असं एक आव्हान आहे. त्याला जास्मर म्हणतात. त्यामुळे २००० आणि २००१ मधल्या डब्यांसाठी लोक हजारो मैल गाडी चालवतात. कॅन्ससमधला ११ मे २०००चा मिंगो हा आज चालू असलेल्यांतला सगळ्यात जुना. अशा डब्याचा मालक गेला, की आजूबाजूचे खेळाडू तो आपसांत सांभाळत राहतात, आणि ‘मालक नाही, बंद करा’ असं कोणी लिहिलं तर त्याच्यावर चिडतात.

मला दोन्ही बाजू कळतात. जिथे गावातली मंडळी खरोखर देखभाल करतात आणि जमीन ज्यांची आहे त्यांना ते मान्य आहे, तिथे मी तक्रार करत नाही. पण २००१चा म्हणून वही नसलेला, फुटका, पावसाळ्यागणिक कुणीतरी टाकलेल्या डबीवर जगणारा डबा मी वाचवत नाही. त्याची तारीख जुनी आहे, पण ज्या डब्याची ती तारीख होती, तो केव्हाच गेला.

दत्तक

मालकाने उत्तर दिलं, की ‘घ्या तुम्ही’, तर सर्वांत चांगलं. साइटवर त्यासाठी दत्तक देण्याची सोय आहे. विनंती मालकाने त्याच्या खात्यातून पाठवायची आणि ती घेणाऱ्याने स्वीकारायची, दोन्ही झाल्याशिवाय नाव बदलत नाही. मालकाची संमती नसताना मुख्यालय डबा दुसऱ्याच्या नावावर करत नाही, कितीही विनवलं तरी. मालक हयात नसेल तर हे फार जड जातं. लाकूड कोरून, रंगवून, नातवंडांसोबत केलेले डबे असतात ते. अशा वेळी ओळखीतल्या खेळाडूंमार्फत घरच्यांशी हळुवारपणे बोला. त्यांना खात्यात जाता येत असेल तर दत्तकाचा मार्ग त्यांच्या हातात आहे. नाहीतर डबा आर्काइव्ह होऊ द्या आणि पेटी त्यांच्या घरी पोहोचवा. त्यांना ती हवी असते.

आर्काइव्ह झाल्यावर डबा उचलणं

पान बंद झालं म्हणून डबा जंगलातून नाहीसा होत नाही. हा भाग सगळे विसरतात. नियमाने तो मालकाने उचलायचा, पण मालकच नसेल तर तो प्लास्टिकचा कचरा होऊन वर्षानुवर्षं पडून राहतो.

उचलण्याआधी काही खात्री करा. तोच डबा ओपनकॅशिंगसारख्या दुसऱ्या साइटवर चालू असू शकतो, तिथे शोधून पाहा. मालकाला एक शेवटचा मेसेज पाठवा: ‘दोन आठवड्यांनी डबा काढून आणते आहे, हवा असल्यास सांगा.’ कॅश मल्टी (टप्प्याटप्प्याने शोधायची) असेल, तर मधल्या सगळ्या टप्प्यांवरच्या डब्या आणि पाट्याही आणा. मिस्ट्री (कोड्याची) असेल, तर कोडं सोडवल्याशिवाय शेवटची जागा कळणार नाही, तेव्हा आधी ज्यांना सापडलाय त्यांना विचारा. अर्थकॅश आणि व्हर्च्युअल या प्रकारांत डबाच नसतो, त्यामुळे उचलायला काही नसतंच.

डबा आणल्यावर त्या पानावर फोटोसह साधी टीप लिहा, की अमुक तारखेला डबा काढला आणि माझ्याकडे आहे. नाहीतर पुढची दोन वर्षं कोणीतरी तो उचलायला येऊन शोधत बसेल. मी असे डबे सहा महिने ठेवते. लष्करी लोखंडी पेटी असेल तर ती घासून, रबर तपासून परत वापरता येते. क्लिपा तुटलेला प्लास्टिकचा डबा वापरू नका.

आणि जागा मोकळी झाली. दोन डब्यांमध्ये किमान १६१ मीटर अंतर लागतं, त्यामुळे एका बेवारस डब्याने एवढी सगळी जागा अडवलेली असते. तिथे नवा डबा ठेवायचा असेल तर स्वतःच्या नावाने, नव्या परवानगीने, नव्या मजकुराने ठेवा. मी त्या फरच्या खोडापाशी ठेवला नाही. खोड कुजत चाललंय, आणि लोक शोधताना ते आणखी तोडतील.

आपलाच डबा बेवारस होऊ नये म्हणून

हे आपल्या लोकांसाठी मुद्दाम. आपण नोकरीमागे गावं बदलतो, कधी कायमचे परत जातो. इथे चार वर्षं राहून सहा डबे लपवायचे आणि मग सामान बांधून पुण्याला निघून जायचं, तर मागे राहतात ते हेच डबे. सुट्टीला घरी गेल्यावर गडावर किंवा गावात एखादा ठेवून यायचाही मोह होतो. साइटचे नियम अशा सुट्टीतल्या डब्यांना परवानगी देत नाहीत, तिथला माणूस देखभालीला असल्याशिवाय. आणि मुंबईत स्टेशनवर ‘बेवारस वस्तूला हात लावू नका’ हे ऐकत आपण मोठे झालो आहोत. तिथे कुणाचाही नसलेला डबा भिंतीच्या फटीत सोडून विमानात बसणं बरोबर नाही. गडांच्या तटात तर नकोच, ती वास्तू संरक्षित असते.

गाव सोडायचं ठरलं, की निघण्याच्या दोन महिने आधी आपल्या डब्यांची यादी करा. जे कोणी घेईल त्यांना दत्तकाची विनंती पाठवा, आणि ती स्वीकारली गेली का ते स्वतः पान उघडून पाहा, कारण समोरचा ‘हो’ म्हणतो आणि ते पत्र स्पॅममध्ये पडून राहतं. उरलेले डबे एखाद्या शनिवारी मुलांना घेऊन काढून आणा. ज्यांनी सह्या केल्या त्या वह्या आठवण म्हणून बॅगेत ठेवा, डब्या स्थानिक मंडळींना द्या, आणि पान स्वतःच्या हाताने आर्काइव्ह करा.